आधी थेंब जमिनीला

मोहाचं फूल कोणी तोडत नाही. ते आपणहून खाली येतं. मार्च सरत आला की झाडाची पानं झडलेली असतात, उघड्या फांद्यांच्या टोकांना घोस लोंबत असतात आणि रात्री उमललेलं फूल पहाटे देठ सोडतं. द्राक्षाच्या लहान मण्याएवढं, फिकट पिवळं, बोटांना चिकटणारं. झाडाखाली उभं राहिलं तर पाचोळ्यावर टप टप आवाज येत राहतो. पाऊस उघडल्यावर वळचणीखाली येतो तसा. उजाडायच्या आत बायापोरं टोपल्या घेऊन तिथे पोहोचलेली असतात. उशीर झाला तर गुरं येतात, हरणं येतात, वासावर अस्वलही येतं. झाड जंगलातलं असलं तरी ते कोणत्या घरचं, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. दुसऱ्याच्या झाडाखाली सहसा कोणी वाकत नाही.

ऊन चढेपर्यंत फूल अंगणात पसरलेलं असतं. काही दिवसांत ते आक्रसून मनुक्यासारखं तपकिरी होतं आणि सगळ्या घराला एक जड, गोड, किंचित आंबूस वास लागतो. मग घरातल्या बाईला हिशेब करावा लागतो. यातलं बाजारात किती न्यायचं, पावसाळ्यासाठी किती ठेवायचं, देवाला किती, सणाला किती आणि गाळायला किती. हा हिशेब कागदावर उतरत नाही. पायली, टोपली, गाडगं हीच त्याची मापं.

मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्टीतला. वैनगंगा इथल्या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते. अलीकडे चंद्रपूर, पलीकडे गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला, तोवर दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. ताट मात्र अजूनही एकच आहे. वाईट दिवसांत घरच्या घरी चांगलं खावं-प्यावं कसं, हे या ताटानं फार आधीपासून जमवलेलं आहे. ते जमतं कशामुळे आणि बिघडतं कुठे, याचा हा शोध.

* * *

२४ मार्च २०२० च्या रात्री करोनामुळे देश बंद झाला, तेव्हा झाडाखाली फूल पडायला नुकती सुरुवात झाली होती. शहरांत माणसं घरात अडकली आणि त्यांना स्वयंपाकघर नव्यानं सापडलं. कोणी पाव भाजायला शिकलं, कोणी आजीच्या वहीतली लोणची काढली, कोणी कपाटातली राखून ठेवलेली बाटली उघडली. ४ मे रोजी राज्यात ठिकठिकाणी दारूची दुकानं उघडली, तेव्हा त्यांच्यापुढे लागलेल्या रांगा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. त्या दिवशी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत रांग लावायला एकही कायदेशीर दुकान नव्हतं, कारण दोन्हीकडे दारूबंदी होती.

इथली खरी अडचण वेगळी होती. आठवडी बाजार बंद झाले. मीठ, तेल, मिरची, कापड या गोष्टी रोख पैशानं येतात आणि उन्हाळ्यात तो पैसा मोहफूल व तेंदूपत्त्यातून येतो. घरात फूल साठलं, पण घ्यायला माणूस येईना. १ मे २०२० रोजी केंद्र सरकारनं वनोपजांच्या हमीभावात वाढ केली. वाळलेल्या मोहफुलाचा किलोचा दर १७ रुपयांवरून ३० रुपयांवर गेला. दर कागदावर वाढला तरी फूल वाहून न्यायचं कसं, हा प्रश्न आतल्या गावांत उरलाच.

पण मोहाचं एक बरं आहे. विकलं गेलं नाही तर ते खाता येतं. कापसाचं तसं नाही.

* * *

मोहाची ही बाजू जुन्या लोकांनी पोटानं शिकलेली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्य प्रांतावर पाठोपाठ कोसळले. आजचे हे दोन्ही जिल्हे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रांतातच. दुष्काळात जंगलाकाठची माणसं मोहावर तगतात, हे इंग्रजांच्या कागदोपत्रीही नोंदलेलं आहे. त्यामागचं कारण साधं आहे. धान पावसावर येतो. भादव्यात पाऊस दडी मारून बसला की लोंबी पोकळ राहते. मोहाचं झाड मोठं असतं, मुळं खोल असतात आणि ते फुलतं उन्हाळ्यात, नेमकं धानाच्या कोठ्यांचा तळ दिसू लागतो तेव्हा. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखर असते. वर्षातला सगळ्यात गोड पदार्थ सगळ्यात कोरड्या महिन्यात, फुकट, दारात येऊन पडतो.

म्हणून इथे उपासमारीचं अन्न आणि सणाचं अन्न अशी दोन वेगळी फडताळं नाहीत. दुष्काळात उकडून पोट भरायला खाल्लेलं फूल चांगल्या वर्षी तव्यावर भाजलं जातं, तीळ किंवा जवसाबरोबर उखळात कुटलं जातं आणि त्याचे लाडू होतात. कुटताना तेल सुटतं, फूल चिकट होतं, वेगळा गूळ लागत नाही. फूल संपल्यावर त्याच झाडाला फळ धरतं. फळातली बी म्हणजे टोळी. ती फोडून, वाळवून घाण्यावर नेली की तेल मिळतं. या तेलात तळायचं आणि दिवाही लावायचा. एका झाडातून घरात गोड, तेल, उजेड आणि पेय येतं. द्राक्षाच्या वेलीकडूनही कोणी एवढं मागत नसेल.

पावसाळा इथला दुसरा कसोटीचा काळ. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि तालुका जगापासून तुटतो. कधी एक दिवस, कधी अनेक दिवस. आतल्या पाड्यांना हे नवीन नाही. मृगाच्या आधीच फूल, चिंच, वाळवलेल्या भाज्या, सुकवलेले झिंगे असं सगळं घरात जागेवर लागतं. माडिया आदिवासींच्या घरी कोसरीचा किंवा तांदळाचा जावा, म्हणजे पातळ आंबील, सकाळी शेतावर जाताना तुंब्यात भरून नेतात. तहान आणि भूक दोन्ही त्यानं भागतात.

बाहेरच्याला हे गरिबाचं जेवण वाटतं. पण पावसाळ्यात जंगल जे देतं ते पाहिलं की मत बदलतं. पहिल्या सरींनंतर तरोटा उगवतो. त्याची कोवळी पानं लसणाच्या फोडणीत परतली की भाकरी कमी पडते. मग काटवल येतात. बांबूच्या बेटात कोंब फुटतात, त्यांना आमच्याकडे वास्ते म्हणतात. बारीक चिरून, उकळून, कडवटपणा काढून केलेली त्यांची भाजी वर्षातून काही आठवडेच मिळते. श्रावणात वारुळांवर छत्र्या उगवतात, त्या सात्या. त्या साठवून ठेवता येत नाहीत. सकाळी सापडल्या की दुपारच्या ताटात असाव्याच लागतात. रस्सा घट्ट, मटणासारखा. सात्या ज्यावर उगवतात ते वारूळ सख्ख्या भावालाही कोणी सहज सांगत नाही.

माडिया आणि गोंड गावांत नवं फळ, नवं धान्य तोंडात घालण्याआधी त्याचा पंडुम करावा लागतो. आंब्याचा मरका पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा चाखायचा नाही. देवाला दिल्याशिवाय खायचं नाही, हा त्याचा धार्मिक अर्थ. पण कच्चं फळ कोणी ओरबाडत नाही, सगळ्या गावाचं खाणं एका दिवशी सुरू होतं आणि पहिला घास सार्वजनिक असतो, हा त्याचा परिणाम. तोंडात पाणी सुटलेलं असताना थांबायला लावणारी ही रीत चवीला धार लावते.

* * *

माप चुकलं तर काय होतं, याचा धडा लाखोळीनं दिला. धान कापला की बांध्यांतल्या उरलेल्या ओलीवर लाखोळी येते. नांगरट नको, पाणी नको. तिची डाळ, तिचे वडे ही या भागातली जुनी चव. पण टंचाईच्या वर्षी दुसरं काहीच नसताना माणसं दोन-तीन महिने लाखोळीवरच राहिली की पाय लुळे पडायचे. त्यावरून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. तरी घरोघरी ती पेरली जात राहिली, थोडी थोडी खाल्लीही जात राहिली. ताटातला एक वडा आणि ताटभर लाखोळी यांतला फरक कायद्याला दिसत नव्हता, घरातल्या बाईला दिसत होता. पण हेही खरं, की भुकेलेल्या घरात त्या बाईच्या हातात निवड उरत नाही. माप ठेवायला आधी थोडी तरी शिल्लक लागते.

चांगलं खाण्यावर श्रीमंताचीच मालकी नसते, हे सिद्ध करणारा माणूसही याच मातीतला. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. शेत जेमतेम, शिक्षण थोडं. १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षं निवडत नेल्या. त्यातून बारीक, मऊ, चवदार तांदूळ निघाला. त्या काळी एचएमटीचं घड्याळ मनगटावर असणं ही मोठी गोष्ट होती; तेच नाव तांदळाला चिकटलं. आज नागपूर-मुंबईच्या दुकानात एचएमटी मागणाऱ्याला त्यामागे नागभीडचा एक शेतकरी आहे याची कल्पना नसते. दादाजी ३ जून २०१८ रोजी गेले. तांदूळ सगळीकडे पोहोचला, पैसा त्यांच्या घरापर्यंत फारसा आला नाही. पण झाडीपट्टीतल्या मजुराच्या घरीही सणाच्या दिवशी वाफाळता बारीक भात वाढला जातो, त्यात दादाजींच्या नजरेचा वाटा आहे.

* * *

आता पेयाकडे यावं लागेल.

वाळलेलं फूल पाण्यात भिजवून आंबवलं की सडवा तयार होतो. तो चुलीवर चढवला, वाफ वरच्या थंड भांड्याला लागून थेंबाथेंबानं गळू लागली की दारू. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग मराठीत सगळीकडे रुळलाय. त्यामागची धार ती हीच. दक्षिणेकडच्या जंगलात गोरग्याचा रसही पितात. हे झाड ताडाच्या कुळातलं, त्याचा ताजा रस गोडसर लागतो आणि दिवस चढेल तसा आंबत जातो.

जन्म, लग्न, मरण, देवाची पूजा, वाद मिटवायला बसलेली पंचायत; गोंड-माडियांच्या घरी यांपैकी काहीही मोहाशिवाय पुरं होत नाही. प्यायच्या आधी पानाच्या द्रोणातून काही थेंब जमिनीवर सांडतात. ते देवाचे आणि गेलेल्या माणसांचे. मग वडीलधाऱ्यांना. बायकाही पितात, त्यात चोरी नसते. फूल घरचं, चूल घरची, गाळणारी घरची, पिणारे ओळखीचे, दिवस ठरलेला. इतक्या गोष्टी ठरलेल्या असल्यावर पेला आपोआप लहान होतो.

ही झाली एक बाजू. तेवढीच सांगून थांबलो तर ते फसवणं होईल, कारण याच फुलानं आणि याच्या नावाखाली आलेल्या दुकानांनी इथली हजारो घरं नासवली. दारू सणाकडून रोजच्या संध्याकाळकडे सरकली, घरातून गुत्त्यावर गेली, द्रोणातून बाटलीत आली. मजुरीचा पैसा संध्याकाळपर्यंत टिकेना. गाळणारा अनोळखी, पिणाराही अनोळखी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकारानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली. तिला बळ मिळालं ते आदिवासी गावांकडून आणि बायकांकडून. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. मोह ज्यांचा देव, त्यांनीच दुकान बंद करायला सांगितलं. वरवर पाहता हे विसंगत वाटतं, पण माप हातून गेल्याचं ज्यांना सगळ्यात आधी कळतं, तीच माणसं ती.

मग नदीनं आपला खेळ दाखवला. २२ वर्षं पलीकडचा काठ कोरडा आणि अलीकडचा ओला. वैनगंगेच्या पुलांना संध्याकाळची वेगळीच वर्दळ असे. चंद्रपूरच्या बायकांनी मग आपल्या जिल्ह्यासाठीही बंदी मागितली. पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’च्या नेतृत्वाखाली डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत बायका पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरातही बंदी आली. अवैध दारू वाढली, महसूल बुडाला, असं सांगत राज्य मंत्रिमंडळानं २७ मे २०२१ रोजी ती उठवली. आज पुन्हा एक काठ ओला, एक कोरडा. वर्तमानपत्रात आठवड्याला एक तरी बातमी येते: इतक्या लिटरचा मोहसडवा नष्ट. सडवा ओतला जातो, तेव्हा त्यात विक्रीचा किती आणि घरच्या पूजेचा किती, हे वेगळं काढायची सोय नसते.

दोन पावलं पूर्वेला छत्तीसगडात आदिवासी कुटुंबाला घरच्यापुरती मोहाची दारू गाळायची मर्यादित मुभा आहे. एकच जंगल, एकच भाषा, अनेकदा एकच गोत. सीमेच्या अलीकडे गुन्हा, पलीकडे रीत.

* * *

या गुंत्यावरचं सगळ्यात शहाणं उत्तर मला १९९६ च्या पेसा कायद्यात दिसतं. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला त्यानं दोन अधिकार एकाच वेळी दिले: गौण वनोपजाची मालकी आणि मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार. फूलही गावाचं, पेलाही गावाच्या नजरेखाली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं तर हे त्याआधीच सुरू केलं होतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा गाजली. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. तिथे निर्णय बहुमतानं होत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबतात. दारूचा विषयही गावानं असाच बसून, बोलून हाताळला. वेळ लागतो. पण ज्यानं मान हलवली त्याला नंतर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही.

सरकारची नजरही हळूहळू बदलते आहे. २०२१ मध्ये राज्यानं मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि वाहून नेणं यांवरचे निर्बंध उठवले. त्याआधी स्वतःच्या झाडाचं फूल घरात ठेवलेल्या बाईला कायद्याचं भय होतं. दुसरीकडे, २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, त्यावर गदारोळ झाला आणि प्रकरण बारगळलं. त्या चर्चेत द्राक्षबागायतदाराचं भलं होईल, हा मुद्दा वारंवार आला. तो खोटा नव्हता. नाशिकच्या द्राक्षाला वाइनरी मिळाली, पर्यटक मिळाले, चाखायला नाजूक पेले मिळाले. मोहाला पोलीस मिळाले. अलीकडे डहाणूच्या एका जुन्या कारखान्यानं मोहाची दारू महागड्या बाटलीत आणली, गोव्याकडेही मोहाची बाटली मिळते. त्यातल्या एका बाटलीच्या पैशात फूल वेचणाऱ्या घराचा महिन्याचा किराणा येईल.

फूल वेचणं ही काही रम्य सहल नसते, हेही इथेच सांगितलं पाहिजे. झाडाखाली जागा साफ करायला पाचोळा पेटवतात आणि आग जंगलात पसरते. पहाटेच्या अंधारात बाई वाकलेली असते आणि वाघाला वाकलेला माणूस जनावरासारखा दिसतो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ताटातल्या प्रत्येक वनोपजाला अशी एक किंमत आहे. ती बाजारभावात धरलेली नसते.

* * *

दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. हलका धान निघालेला असतो, हाती चार पैसे असतात. गावोगावी पाहुणे येतात, वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम सुरू होतो आणि माणसं चादरी घेऊन रात्रभर नाटक पाहतात. आमच्या घरी त्या दिवशी नव्या तांदळाचा भात, बोडीतल्या माशांचा झणझणीत रस्सा, लाखोळीचे वडे आणि शेवटी मोहाचे लाडू असा बेत असे. वर्षभर कितीही ओढाताण झालेली असो, त्या ताटात कसर नसायची. लाडू मात्र मोजून. माणशी एक आणि पाहुण्यासाठी दोन जास्त.

एका वर्षी धान बुडाला होता. मंडईचा दिवस तसाच जाणार, असं आम्ही पोरं धरून चाललो होतो. आजीनं माळ्यावरून एक गाडगं काढलं. तळाशी मार्चमधलं फूल होतं, पसाभर. उन्हाळ्यात आम्ही कितीदा मागितलं होतं आणि तिनं संपलं म्हणून सांगितलं होतं. तिनं ते भाजलं, कुटलं, आणि लाडू वळायच्या आधी चिमूटभर काढून चुलीपुढच्या जमिनीवर ठेवलं. त्या वर्षी लाडू सुपारीएवढे झाले. पण माणशी एक झाला, आणि पाहुण्यासाठी दोन उरलेही.

गाडगं पुन्हा माळ्यावर ठेवताना मी आत डोकावलो. तिनं चार फुलं तळाशी तशीच ठेवली होती.